डेटाबेससाठी सर्व्हर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संघ, पतसंस्था, साखर कारखाने, तालुक्याची हॉस्पिटलं अशा ठिकाणी डेटाबेसचे सर्व्हर बसवायचं काम मी करतो. लोक कोटेशन हातात धरून फोन करतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. खालची उत्तरं पोस्टग्रेस हा फुकट मिळणारा डेटाबेस डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. मायएसक्यूएलला त्यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरचं गणित लायसन्समुळे बदलतं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

पैसे मोजके आहेत. आधी कशावर घालू?

डिस्कवर. मग रॅमवर, मग दुसऱ्या मशीनवर. प्रोसेसरचे कोअर वाढवायचे ते सगळ्यात शेवटी.

माझ्याकडे येणारी कोटेशनं नेमकी उलटी असतात. पहिल्या ओळीत ठळक अक्षरात ३२ कोअर, ६४ कोअर, आणि खाली बारीक अक्षरात "एसएसडी १ टीबी × २" एवढंच. कुठली एसएसडी? कुठल्या प्रकारची? वीज गेली तर तिच्या पोटातल्या डेटाचं काय होतं? यातलं काहीच लिहिलेलं नसतं. माणसाने काउंटरवर पैसे भरले, स्क्रीनवर "जमा" आलं, पावती हातात पडली, की ती नोंद पुढे काहीही झालं तरी राहिली पाहिजे. हे वचन शेवटी डिस्क पाळते किंवा मोडते. म्हणून सुरुवात तिथून.

"डिस्क खोटं बोलते" असं तुम्ही म्हणता. म्हणजे काय?

व्यवहार कमिट (पक्का) झाला की पोस्टग्रेस तो आधी वॉलमध्ये, म्हणजे सगळे बदल क्रमाने लिहिण्याच्या रोजकीर्दीत लिहितो. मग ऑपरेटिंग सिस्टिमला एफसिंकची आज्ञा देतो: हे खरोखर डिस्कवर उतरव आणि उतरलं की सांग. होकार आल्यावरच तो तुमच्या प्रोग्रॅमला "झालं" म्हणतो. पण डिस्कच्या आत तिची स्वतःची छोटी रॅम असते. काही डिस्का डेटा तिथे आला की लगेच होकार देऊन मोकळ्या होतात. त्या क्षणी वीज गेली तर होकार दिलेला डेटा हवेत जातो.

हे ओळखायचं कसं, याचं एक साधं गणित जुन्या फिरत्या डिस्कवर करता येतं. ७२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एका जोडणीने एकामागून एक कमिट केले, तर दर कमिटला वॉलची तीच जागा पुन्हा डोक्याखाली यावी लागते, म्हणून सेकंदाला १२० च्या वर कमिट होणं शक्यच नाही. पोस्टग्रेसबरोबर पीजी_टेस्ट_एफसिंक नावाचं छोटं टूल येतं. ज्या पार्टिशनवर वॉल राहणार आहे तिथेच ते चालवा. फिरत्या डिस्कवर त्याने सेकंदाला ५,००० दाखवले, तर मधे बॅटरीचा आधार असलेलं रेड कार्ड (डिस्कांचा गट सांभाळणारं कार्ड) तरी आहे, नाहीतर डिस्क खोटं बोलते आहे.

घरगुती एसएसडी टाकली तर? डब्यावर वेग तर तेवढाच लिहिलेला असतो.

डब्यावरचा वेग हा मोठी फाइल सलग वाचण्या-लिहिण्याचा असतो. डेटाबेस तसं काम करत नाही. पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांत लिहितो, इनोडीबी (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) १६ केबीच्या, तेही इथे एक, तिथे एक, आणि दर कमिटला "उतरलं का?" विचारत. या कामात घरगुती एसएसडी दोनपैकी एक करते. फ्लशची, म्हणजे डेटा खरोखर उतरवण्याची आज्ञा इमानाने पाळते आणि मग फारच मंद पडते, किंवा पाळतच नाही.

दुसऱ्या प्रकारचा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि चूक माझीच होती. एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था. खर्च कमी ठेवायचा म्हणून मी दोन घरगुती एसएसडी मिरर करून, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवून, लावल्या. मिरर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मला तेव्हा वाटायचं. जूनमधली संध्याकाळ होती, पिग्मी एजंट दिवसभराचं कलेक्शन भरत होते आणि लाईट गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच बाद झाल्या होत्या, मशीन जागच्या जागी बंद पडलं. लाईट आल्यावर डेटाबेस उठेना. वैध चेकपॉइंट (कुठून पुन्हा उठायचं याची खूण) सापडत नाही म्हणून थांबला. दोन्ही डिस्कांची वीज एकाच क्षणी गेली होती, त्यामुळे मिररच्या दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या होत्या. आदल्या रात्रीचा बॅकअप परत चढवला. त्या दिवसाच्या नोंदी पिग्मीच्या पावतीपुस्तकांतल्या स्थळप्रतींवरून पुन्हा भरल्या. कार्बनचे फिकट निळे आकडे, एक जण वाचतोय, एक जण टाइप करतोय, असं पहाटे चारपर्यंत चाललं. हिशेब जुळला तो केवळ स्थळप्रती होत्या म्हणून. ऑनलाइन भरणा असता तर कशावरून जुळवला असता?

त्यानंतर पॉवर-लॉस प्रोटेक्शन नसलेली एसएसडी मी डेटाबेसला लावलेली नाही.

पॉवर-लॉस प्रोटेक्शन म्हणजे नेमकं काय? आणि एसएसडी घेताना आणखी काय बघायचं?

डिस्कच्या सर्किट बोर्डावर कपॅसिटरची एक रांग असते. वीज गेली की त्यांच्यात साठलेल्या ऊर्जेवर डिस्क आपल्या रॅममधला डेटा फ्लॅशवर, म्हणजे कायमच्या साठवणीत, उतरवून घेते आणि मगच झोपते. याचा दुसरा फायदा वेगाचा आहे. डेटा रॅममध्ये आला की ही डिस्क लगेच होकार देऊ शकते आणि तो होकार खरा असतो. घरगुती डिस्कला इमानाने एक फ्लश करायला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतो, तिथे हिचं काम शंभरापेक्षा कमी मायक्रोसेकंदांत होतं. सुरक्षितता आणि वेग एकाच खरेदीत मिळतात असं हार्डवेअरमध्ये क्वचितच होतं. इथे होतं, म्हणून मी यावर एवढा अडून बसतो.

व्हेंडरला मॉडेल नंबर लेखी मागा आणि कंपनीच्या डेटाशीटमध्ये पॉवर-लॉस प्रोटेक्शन हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. "एंटरप्राइज क्लास आहे साहेब" एवढ्यावर समाधान मानू नका.

मग टिकाऊपणा. तो डीडब्ल्यूपीडीमध्ये सांगतात, म्हणजे वॉरंटीच्या काळात रोज अख्खी डिस्क किती वेळा भरून लिहिता येईल. १.९२ टीबीची, १ डीडब्ल्यूपीडीची, ५ वर्षं वॉरंटीची डिस्क म्हणजे १.९२ × ३६५ × ५, साधारण ३,५०० टीबी लिखाण. बहुतेक संस्थांना हे आयुष्यभर पुरतं. ३ डीडब्ल्यूपीडीच्या महागड्या डिस्का घ्यायला लावणारे भेटतील. आधी सध्याच्या सर्व्हरवर आठवडाभर लिखाण मोजा आणि मग ठरवा. क्यूएलसी फ्लॅश (स्वस्त, पण कमी टिकाऊ) मात्र डेटाबेसच्या मुख्य डिस्कसाठी टाळा. ती बॅकअपला ठीक आहे.

एनव्हीएमई की साटा (डिस्क जोडायच्या दोन पद्धती)? नवीन मशीन असेल तर एनव्हीएमई. साटाची मर्यादा ६ गिगाबिटची, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास. जुन्या सर्व्हरला साटाच्याच जागा असतील तर पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेली साटा एसएसडी घ्या, ती नसलेल्या एनव्हीएमईपेक्षा कधीही चांगली. आणि जुन्या लेखांत वॉलसाठी इंटेलची ऑप्टेन नावाची डिस्क सुचवलेली दिसेल. इंटेलने तो धंदा २०२२ मध्ये गुंडाळला, त्यामुळे नव्या खरेदीत तिचा विचार नको.

आमचं काम किती मोठं आहे हे कळायचं कसं?

कागदावर गुणाकार करून. कोटेशन मागवण्याआधी अर्धा तास बसलात तर काही लाख वाचू शकतात.

एक दूध संघ धरू. समजा ६०,००० उत्पादक, दिवसातून दोन वेळा दूध घालतात. म्हणजे रोज १,२०,००० नोंदी: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. इंडेक्स धरून एका नोंदीला ५०० बाइट पकडले तर दिवसाला ६० एमबी, वर्षाला २२ जीबी, पाच वर्षांत ११० जीबी.

आता गर्दीची वेळ. सकाळचं संकलन दोन तासांत उरकतं असं धरलं तर ७,२०० सेकंदांत ६०,००० नोंदी. सेकंदाला आठ-नऊ. सगळ्या संस्थांचा डेटा एकाच वेळी वर चढला म्हणून पाचपट धरा, तरी चाळीस-पंचेचाळीस. वर सांगितलेली फिरती डिस्कसुद्धा सेकंदाला १२० कमिट करते! मग या कामाला ६४ कोअर कशाला?

खरा ताण वेगळीकडे असतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा १२ लाख नोंदी वाचायच्या, फॅटप्रमाणे दर लावायचा, पशुखाद्याचे पैसे, उचल, कर्जाचा हप्ता कापायचा आणि रक्कम बँकेत पाठवायची. ते सकाळपर्यंत झालं नाही तर गावोगावी उत्पादक थांबून राहतात. म्हणून मशीन निवडताना त्या रात्रीचा विचार करा. साखर कारखान्यात हीच गोष्ट गळीत हंगामाची. चार-पाच महिने वजनकाटा चोवीस तास चालू, बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग, तिथे पाच मिनिटं सर्व्हर बंद राहिला तर रांग फाट्यापर्यंत जाते. उरलेलं वर्ष मशीन जवळजवळ रिकामं असतं. तुमची ती रात्र किंवा तो हंगाम कोणता, हे आधी शोधा.

रॅम किती घ्यावी?

रोजच्या कामाला लागणारा डेटा रॅममध्ये मावला पाहिजे. अख्खा डेटाबेस मावायची गरज नाही. वरच्या दूध संघात पाच वर्षांचा डेटा ११० जीबी असला तरी रोज हात लागतो तो चालू आणि मागच्या बिलाला. ते झालं एक-दीड जीबी, शिवाय सभासद, दरपत्रक, खातेवही. वार्षिक अहवालांसाठी मोकळी जागा ठेवूनही ६४ जीबी भरपूर आहे.

रॅम घेतल्यावर ती डेटाबेसला द्यायची विसरू नका. पोस्टग्रेसचं शेअर्ड बफर्स (डेटाबेस स्वतःसाठी राखून ठेवतो ती रॅम) मुळात १२८ एमबी असतं, इनोडीबीचा बफर पूलही तेवढाच. १२८ जीबीच्या मशीनवर हा आकडा तसाच पडून राहिलेला मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे. पोस्टग्रेसला एकूण रॅमच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करा, बाकीची रॅम ऑपरेटिंग सिस्टिम कॅशसाठी वापरते. फक्त मायएसक्यूएलसाठीच असलेल्या मशीनवर बफर पूल सत्तर टक्क्यांपर्यंत न्यायला हरकत नाही. आणि एसएसडी असेल तर पोस्टग्रेसचं रँडम_पेज_कॉस्ट ४ वरून १.१ च्या आसपास आणा. ४ हा आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला आहे, त्याच्यामुळे प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, इंडेक्स असूनही तो टाळतो.

कोटेशनमध्ये रॅमच्या किती पट्ट्या आहेत तेही बघा. एएमडीच्या एपिक ९००४ मालिकेत एका प्रोसेसरला रॅमच्या १२ वाहिन्या असतात, चौथ्या पिढीच्या झिऑनला ८. आठ वाहिन्यांच्या प्रोसेसरला ६४ जीबीची एकच पट्टी लावली तर आठपदरी रस्त्यावर एकच पदर उघडा. ८ जीबीच्या आठ किंवा १६ च्या चार मागा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे "असू दे जास्तीची" हा जुना सल्ला मी आता सरसकट देत नाही.

ईसीसी रॅम हवीच का?

हवीच. गूगलच्या सर्व्हरांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. ईसीसी असेल तर एका बिटाची चूक जागेवर दुरुस्त होते आणि लॉगमध्ये नोंद पडते. नसेल तर खात्यातली रक्कम गुपचूप बदलते, मग ती बदललेली रक्कम डिस्कवर जाते, बॅकअपमध्येही जाते. पानांचे चेकसम (पान बिघडलंय का ते पडताळणारे आकडे) इथे कामाला येत नाहीत, कारण चेकसम काढायच्या आधीच आकडा बिघडलेला असतो. चेकसम तरीही चालू ठेवा, ते डिस्कच्या चुका पकडतात. पोस्टग्रेस १८ पासून नव्या क्लस्टरला (नव्याने बसवलेल्या डेटाबेसला) ते आपोआप चालू असतात. असेंबल केलेल्या पीसीवर डेटाबेस ठेवू नका असं मी सांगतो त्यामागचं मोठं कारण हेच आहे. त्यातल्या बहुतेक बोर्डांवर ईसीसी चालतच नाही.

कोअर जास्त की गिगाहर्ट्झ जास्त?

बहुतेक संस्थांना गिगाहर्ट्झ. बिल काढणारी किंवा व्याज आकारणारी स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसच्या आतच ठेवलेला प्रोग्रॅम) एका जोडणीत चालते, आणि पोस्टग्रेसमध्ये एक जोडणी म्हणजे एक प्रोसेस. ती लूप फिरवत असते तेव्हा एकच कोअर तापतो, बाकीचे बसून असतात. समांतर क्वेरी पोस्टग्रेसमध्ये ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे, पण ती मुख्यतः मोठ्या वाचनाला मदत करते. अपडेटचं काम ती वाटून घेत नाही. ८ किंवा १६ वेगवान कोअर हे ३२ मंद कोअरपेक्षा त्या रात्री लवकर घरी सोडतात.

पण आमचे २०० लोक एकाच वेळी काम करतात.

२०० जण लॉगिन असतात. त्यातले बहुतेक समोरच्या माणसाशी बोलत असतात, पावती शोधत असतात. प्रत्यक्ष क्वेरी चालू असलेले एका क्षणी पाच-दहा निघतात. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू जोडण्यांच्या यादीमध्ये ॲक्टिव्ह किती आहेत ते दिवसभर दर मिनिटाला मोजा, खरा आकडा मिळेल. जोडण्या फारच असतील तर मधे पीजीबाउन्सर (मोजक्या जोडण्या सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवा. तो फुकट आहे.

दोन प्रोसेसरचा बोर्ड घेऊ का, पुढे वाढवता येईल?

नको. पुढे कोणी वाढवत नाही. तीन वर्षांनी तोच प्रोसेसर शोधेपर्यंत नवं मशीन परवडतं. शिवाय दोन सॉकेट (प्रोसेसरच्या जागा) म्हणजे अर्धी रॅम एका प्रोसेसरच्या जवळ, अर्धी दुसऱ्याच्या, आणि लांबची रॅम वाचायला जास्त वेळ.

लायसन्सचं डेटाबेस असेल तर मात्र प्रोसेसर ठरवायच्या आधी लायसन्स वाचा. एसक्यूएल सर्व्हर कोअरच्या हिशोबाने घेतला तर एका प्रोसेसरमागे निदान ४ कोअरचे पैसे भरावेच लागतात. त्याची २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती २४ कोअर आणि १२८ जीबी बफरच्या पलीकडे वापरतच नाही. ओरॅकलची स्टँडर्ड एडिशन २ दोनपेक्षा जास्त सॉकेटच्या मशीनवर चालवता येत नाही, आणि एका वेळी प्रोसेसरचे १६ थ्रेडच वापरते. ६४ कोअरचं मशीन घेऊन त्यावर हे बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. इथेही उत्तर तेच: थोडे कोअर, पण वेगवान.

रेड ५ मध्ये जागा जास्त मिळते. ते का नको?

एक छोटंसं पान लिहायला रेड ५ ला चार कामं करावी लागतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर डेटा परत काढायला लागणारा हिशोब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. मिररमध्ये दोनच. डेटाबेसचं लिखाण असं बारीक-बारीकच असतं. दोन डिस्क असतील तर रेड १ (साधा मिरर), चार असतील तर रेड १० (मिररच्या जोड्या). एनव्हीएमईला लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड पुरतं, वेगळं कार्ड लागत नाही.

जुन्या सर्व्हरवर रेड कार्ड असेलच तर त्याच्या बॅटरीची तब्येत दर महिन्याला बघा. बॅटरी मेली की कार्ड कॅशमध्ये लिहिणं थांबवतं. ते योग्यच आहे, पण कोणाला न सांगता. मग "कालपासून सॉफ्टवेअर स्लो झालंय" म्हणून लोक प्रोग्रॅमरच्या मागे लागतात.

दोन्ही डिस्क एकाच खेपेतल्या चालतील का?

शक्यतो नको. २०१९ मध्ये एका मोठ्या सर्व्हर कंपनीने स्वतःच जाहीर केलं की तिच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी. मिररमधल्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी चालू केल्या असतील तर दोन्ही एकाच तासाला जाणार. दोन वेगळ्या मॉडेलच्या घ्या, ते जमत नसेल तर निदान फर्मवेअर अपडेट नेमाने करा.

वॉलसाठी वेगळी डिस्क लागते का?

फिरत्या डिस्कांवर लागायची. चांगल्या एनव्हीएमईवर नाही.

एफसिंक बंद केलं की सगळं धावतं, असं एकाने सांगितलं.

धावतं, आणि पहिल्याच वीज-खंडात अख्खा डेटाबेस मोडू शकतो. कृपा करून करू नका. फारच अडचण असेल तर सिंक्रोनस_कमिट बंद करण्याचा पर्याय आहे. त्यात मशीन पडलं तर शेवटच्या साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदातले कमिट जाऊ शकतात, पण डेटाबेस शाबूत राहतो. हजेरीच्या मशीनच्या नोंदींना हे चालेल. पैशांच्या नोंदींना मी चालू देणार नाही.

आमच्याकडे लाईट सारखी जाते. काय तयारी ठेवू?

ऑनलाइन प्रकारचा यूपीएस, आणि त्याच्या बॅटऱ्या कधी बदलल्या याची तारीख यूपीएसवरच मार्करने लिहिलेली. वर सांगितलेल्या पतसंस्थेत ही तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. यूपीएसची सिग्नल केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होईल. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली सापडते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज ३ च्या आत असावा असं व्हेंडर सांगतात.

एसीकडेही बघा. जनरेटरवर सर्व्हर असतो, एसी नसतो. किंवा लाईट आल्यावर एसी आपोआप चालू होत नाही, रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरला कुलूप. शनिवारी रात्री लाईट जाऊन आली की सोमवारपर्यंत बंद खोली भट्टी होते. लाईट आल्यावर आपोआप सुरू होणारा एसी घ्या. खोली १८ ते २७ अंशांत ठेवायची. कोकणात आणि गोव्यात दमटपणाचंही बघावं लागतं, खिडकीची फट पावसाळ्याआधी बुजवा.

एक मोठा सर्व्हर घेऊ की दोन मध्यम?

दोन मध्यम. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. कितीही महाग मशीन असलं तरी त्याचा मदरबोर्ड जातो, आणि "नेक्स्ट बिझनेस डे" वॉरंटीत शनिवारी दुपारी गेलेला बोर्ड सोमवारी येतो, तोही सुट्टी नसेल तर. पोस्टग्रेसमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल लगोलग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची सोय) ९.० पासून, २०१० पासून आहे आणि त्याला जादा पैसा लागत नाही. दुसरं मशीन शक्य असेल तर दुसऱ्या इमारतीत ठेवा. मात्र चुकून चाललेला डिलीट दुसऱ्या मशीनवरही क्षणात पोहोचतो, म्हणून बॅकअप वेगळा हवाच, आणि तो परत चढवून पाहिलेला हवा.

मग सरळ क्लाउडवरच का जाऊ नये?

रात्री दोन वाजता जाऊन डिस्क बदलणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर जा. ॲमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला २०१५ पासून, डेटा फार लांब जात नाही. फक्त तिथेही आधी डिस्कच बघा. ॲमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मुळात सेकंदाला ३,००० ऑपरेशन आणि १२५ एमबी मिळतात, जास्त हवं तर पैसे भरा. डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असल्याने दर कमिटला जवळच्या एनव्हीएमईपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि वजनकाट्यासारख्या जागी इंटरनेट तुटलं तरी काम चालेल अशी सोय जागेवर ठेवावी लागते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की दिवस जातो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने सर्व्हर निम्म्याहून कमी भावात मिळतात. घ्यावेत का?

दुसऱ्या मशीनसाठी, टेस्टिंगसाठी जरूर घ्या. जुनी ईसीसी रॅम आणि प्रोसेसर सहसा दगा देत नाहीत. डिस्क मात्र नव्या घ्या. जुनी एसएसडी मिळालीच तर स्मार्टमधला, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीतला, वापराचा टक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मशीन आलं. लगेच लाईव्ह करू?

आठवडाभर थांबा. एक रात्र मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालवा. पीजी_टेस्ट_एफसिंकचा निकाल कागदावर प्रिंट काढून सर्व्हरच्या झाकणाला आतून चिकटवा, वर्षभराने तुलनेला उपयोगी पडतो. तुमचा खराखुरा डेटा चढवून बिलाची ती रात्र एकदा चालवून बघा.

आणि एक चाचणी अशी आहे जी बघून व्हेंडर कासावीस होतात. खरा डेटा नसताना, नुकत्याच बसवलेल्या रिकाम्या डेटाबेसवर, दुसऱ्या लॅपटॉपवरून एक छोटी स्क्रिप्ट चालवा: १, २, ३ असे आकडे एकेक करून कमिट करायचे आणि होकार आला की तो आकडा लॅपटॉपच्या स्क्रीनवर छापायचा. आकडे पळायला लागले की सर्व्हरच्या मागे जाऊन दोन्ही पॉवर केबल उपटा. मिनिटभराने लावा, मशीन उठू द्या, आणि डेटाबेसमधला सगळ्यात मोठा आकडा विचारा. लॅपटॉपवर शेवटचा आकडा ४८,२१३ असेल तर डेटाबेसमध्ये तो असलाच पाहिजे. एखादा जास्त असेल तर चालेल, होकार वाटेत राहिला असेल. असं दहा वेळा करा. एकदा जरी ४८,२१२ आला, तर त्या डिस्का खोक्यात भरा आणि परत पाठवा.